आधी ड्युटीचा तक्ता दाखवा

‘डॉक्टर, तुम्ही स्वतःचा ताण कसा घालवता?’ पेशंटचे नातेवाईक विचारतात, आणि हल्ली नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टरही विचारतात. मी ध्यान, व्यायाम, पहाटेचं फिरणं असं काहीतरी सांगेन, अशी बहुधा अपेक्षा असते. फिरायला मी जातेही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: कुणी ज्युनिअर ‘मॅडम, आता नाही होत’ म्हणत आला, की मी त्याच्या व्यायामाची चौकशी करत नाही. आधी त्याच्या ड्युटीचा तक्ता मागवते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तीही आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण साचत गेला आणि कुणी तो नीट हाताळला नाही, तर जे होतं ते बर्नआउट. दुखणं कामाच्या जागी, आणि औषध मात्र माणसाने घरी जाऊन स्वतःचं स्वतः घ्यायचं, हा कुठला न्याय? सलग ड्युट्यांनी पिंजून निघालेल्या मुलांना सुट्टीच्याच दिवशी ‘ताणमुक्ती कार्यशाळे’ला बसवलेलं पाहिलं, की मला हसावं की रडावं कळत नाही.

डॉक्टर खचतो तेव्हा रडत वगैरे नाही. तो पेशंटजवळ बसेनासा होतो. नातेवाइकांना चालता चालता उत्तरं देतो. केसपेपरवरच्या त्याच्या नोंदी आखडत जाऊन ‘सेम ट्रीटमेंट चालू’ एवढ्यावर येतात. राउंडला तो काही विचारत नाही आणि आपण विचारलं तर वाद घालत नाही. वॉर्डातल्या सिस्टरना हे आमच्याआधी कळतं, म्हणून मी त्यांना विचारते. कामातून गेलेला माणूस कामचुकार दिसतो, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मग त्यालाच बोलणी बसतात.

तासांचं म्हणाल, तर 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायॉन नावाची 18 वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल केल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर किती तास जागे असतात, यावर तिच्या वडिलांनी रान उठवलं. 1989 मध्ये त्या राज्यात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली आणि 2003 मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. 80 तास म्हणजेसुद्धा काही सुख नव्हे! शिवाय तास कमी केले की पाळ्या वाढतात, आणि प्रत्येक पाळीला पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो. म्हणून मी हँडओव्हरवर अडून बसते. कोण गंभीर, रात्री काय होऊ शकतं, झालं तर काय करायचं, हे समोरासमोर सांगायचं आणि घेणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. असं साच्यातलं हँडओव्हर लावल्यावर उपचारांतल्या चुका जवळपास एक चतुर्थांशाने घटल्याचं 2014 मध्ये एका अभ्यासात दिसलं. आणि घरी गेलेल्याचा फोन ‘तो ड्रेन कधी काढायचाय?’ म्हणून वाजत नाही. झोप मोडत नाही, हाही फायदाच की.

मग लिखापढी. अमेरिकेत 2016 मध्ये मोजदाद झाली तेव्हा पेशंटबरोबरच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणक आणि कागदांत जात होते. हवाईमधल्या एका रुग्णालय समूहाने 2017 मध्ये ‘फालतू गोष्टी काढून टाका’ अशा अर्थाच्या नावाचीच मोहीम काढली. किशोरवयीन मुलांना सांभाळणाऱ्या एका नर्सने कळवलं, की तपासणीच्या फॉर्ममध्ये नाळेचा रकाना आहे. नाळ, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची! तो रकाना काढला. आमच्याकडे एकच औषधयादी केसपेपरवर, रजिस्टरमध्ये, डिस्चार्ज कार्डवर आणि विम्याच्या फॉर्मवर अशी पुन्हा पुन्हा लिहिली जायची. रजिस्टर कुणी उघडतच नव्हतं. ते बंद करायला मात्र बैठकांवर बैठका लागल्या.

पेशंट दगावल्यानंतरच्या तासाभराकडे कुणाचंच लक्ष नसतं. उपचारांत काही चुकल्यावर हादरलेल्या डॉक्टरला अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी 2000 मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटलं; पहिला अर्थात पेशंट. काही चुकलेलं नसतानाही मुलं हादरतातच. ती नातेवाइकांना सांगून वळतात आणि लगेच पुढचा कॉल येतो. अशा वेळी सीनिअरने ज्युनिअरचा फोन स्वतःकडे घ्यायचा आणि अर्धा तास त्याला कामातून काढायचं. ‘काय चुकलं’ ही चर्चा त्या दिवशी नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही, सीनिअर जागेवर लागतो. आणि बऱ्याचदा नेमका तोच नसतो.

राहता राहिलं उपचार घेणं. डॉक्टर स्वतःला स्वतःच औषध लिहितात, किंवा कॉरिडॉरमध्ये सहकाऱ्याला ‘झोपेचं काहीतरी दे रे’ म्हणतात. ‘मी माझ्या आरोग्याची काळजी घेईन’ हे वाक्य 2017 मध्ये डॉक्टरांच्या जिनिव्हा शपथेत आलं खरं, पण शपथ घेऊन अपॉइंटमेंट मिळत नाही. समुपदेशक रुग्णालयाबाहेरचा हवा, आणि त्याच्याकडे जायची वेळ ड्युटीतलीच धरायला हवी. तिथल्या नोंदी विभागात येता कामा नयेत, विभागप्रमुख म्हणून माझ्याकडेसुद्धा नाही. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण परीक्षेच्या किंवा नोकरीच्या वेळी तो विषय कुणीतरी उकरून काढेल, या धास्तीनेच बरेच जण तिथवर पोचत नाहीत.