तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फेस्टिवलला मी दरवर्षी का जाते

"तू नाशिककडची, तुझा त्या लोकांशी काय संबंध, आणि त्यांच्या पिक्चरमधलं तुला कळतं तरी काय?" हे मला मंडळाच्या गणपतीत विचारतात, फोनवर मावशी विचारते, जून आला आणि मी सुट्टी टाकली की ऑफिसातही विचारतात. म्हणून एकदा नीट लिहिते.

कॅनडात टोरांटोला इमॅजिननेटिव्ह नावाचा फेस्टिवल असतो. १९९८ साली त्याची सुरुवात झाली, पहिला फेस्टिवल २००० साली भरला, बरीच वर्षं ऑक्टोबरमध्ये असायचा, २०२४ पासून जूनमध्ये आणलाय. जगभरातल्या मूळनिवासी लोकांनी, म्हणजे आपण ज्यांना आदिवासी म्हणतो तशा लोकांनी, केलेलं काम तिथे दाखवतात, नुसते पिक्चर नाहीत, ऐकायच्या गोष्टी, व्हिडिओ गेम, डोळ्यांवर यंत्र चढवून बघायचं व्हीआर, गॅलरीतली प्रदर्शनं, सगळं. आणि तिथला नियम मला फार मोलाचा वाटतो, की काम मूळनिवासी लोकांबद्दल असून भागत नाही, ते त्यांनी केलेलं पाहिजे. मग विषय काहीही असो, भुताचा पिक्चर करा नाहीतर प्रेमाचा करा.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. आमच्या शाळेत गॅदरिंगला दरवर्षी "आदिवासी नृत्य" असायचं. पानांचे घागरे, तोंडाला रंग, हू हू करत गोल फिरायचं, आणि नाचणाऱ्या आम्ही सगळ्या गावातल्या मुली. वर्गात सुरगाण्याकडच्या दोन कोकणा आदिवासी मुली होत्या, त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही की बायांनो तुमच्याकडे असं नाचतात का. मीही नाही विचारलं. त्या खाली सतरंजीवर बसून आमच्याकडे बघत होत्या, ते डोळे मला अजून आठवतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा किंग स्ट्रीटवरच्या लाइटबॉक्स थिएटरमध्ये इनुक्टिटुट या उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांच्या भाषेतली एक शॉर्ट फिल्म लागली होती आणि माझ्या पुढच्या रांगेत दोन म्हाताऱ्या बायका होत्या. सबटायटल यायच्या आधीच त्या हसायला लागायच्या, बाकीचा हॉल मागून हसायचा, आणि कधीकधी तर सबटायटलमध्ये हसण्यासारखं काही नसायचंच तरी त्या एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. माझी आजी "हात मेल्या" म्हणायची त्यात किती माया होती हे इंग्रजीत कसं लिहिणार, तसंच काहीतरी असणार ते. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की हा पिक्चर आधी त्यांचा आहे, मी पाहुणी आहे, आणि पाहुण्यानं गप्प बसून ऐकायचं असतं.

अलानिस ओबोमसाविन या माहितीपट करणाऱ्या, अबेनाकी या मूळनिवासी समाजातल्या बाईंचं काम मी तिथे जायला लागल्यावरच शोधून बघितलं. १९९० मध्ये क्युबेकमधल्या ओका गावाला गोल्फ कोर्स वाढवायचा होता, तोही शेजारच्या कानेसाताकेच्या मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या पाइनच्या रानात, जिथे त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे. लोक अडथळे उभारून ७८ दिवस आडवे उभे राहिले, सैन्य आलं, आणि या बाई कॅमेरा घेऊन त्यांच्या बाजूला आत थांबल्या. तोच प्रसंग बाहेरून शूट केलेला आणि आतून शूट केलेला यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि २०१८ मध्ये हायडा या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा पिक्चर आला. ती भाषा अस्खलित बोलणारे तेव्हा जेमतेम वीसेक लोक उरले होते, बहुतेक म्हातारे. नटांनाही ती येत नव्हती, त्यांनी आधी शिबिरात बसून शिकली, मग कॅमेरा चालू झाला. म्हणजे पिक्चर करायचा म्हणून भाषा शिकायची, हे वाचून मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

तर मला कळतं काय? सगळं नाही कळत.

मागच्या वर्षी घरी गेले तेव्हा वर्गातल्या त्या दोघी कोकणा मुलींपैकी एकीचा नंबर मिळवला. तीस वर्षांनी फोन करून तिला विचारलं, तुमच्याकडे खरंच कसं नाचतात गं? ती आधी खूप वेळ काही बोलली नाही. मग डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचं सांगायला लागली, मार्गशीर्षात असतो, पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, रात्र रात्र जागतात, आणि तासभर बोलतच राहिली. तिचा मुलगा मोबाइलवर त्याचे व्हिडिओ करतो म्हणे, एक पाठवलाय. पाच मिनिटांचा आहे, त्यांच्या बोलीत, सबटायटल नाहीत. मी तीनदा बघितला, निम्मा कळला.