आमची वाटचाल : टायपिंगपासून आवाजाने दुरुस्तीपर्यंत

गिरगावात दोन टायपिस्ट आणि कॅसेट ऐकायचं एक यंत्र, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. डॉक्टर कॅसेटवर रिपोर्ट बोलायचे; टायपिस्ट हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने कॅसेट पुढे-मागे करत तो उतरवायचे. आज आम्ही टायपिंग करत नाही. सोनोग्राफी आणि एक्स-रे सेंटरमध्ये बोलून लिहिण्याचं सॉफ्टवेअर बसवतो, शब्दसूची भरतो आणि डॉक्टरांना ते चालवायला शिकवतो. शिकवण्याची सुरुवात डिक्टेशनपासून नाही, दुरुस्तीपासून करतो. सोनोग्राफीत एक हात रुग्णाच्या अंगावर फिरवायच्या प्रोबवर आणि दुसरा मशीनच्या बटणांवर असतो. चुकलेला शब्द आवाजाने बदलता आला नाही, तर जेल पुसून कीबोर्डकडे वळावं लागतं. असं चार वेळा झालं की डॉक्टर पुन्हा टायपिस्ट शोधू लागतात.

१९९० च्या ड्रॅगन डिक्टेट या बोलून लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. १९९७ मध्ये ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग आलं आणि सलग बोलता येऊ लागलं. तरी अजूनही बरेचजण एकेक शब्द तोडून, शाळेतल्या श्रुतलेखनासारखं बोलतात. त्याने चुका वाढतात. सॉफ्टवेअर नुसता एक शब्द ऐकत नाही, मागचे-पुढचे शब्द पाहून निवड करतं. 'इलियम' घ्या. इंग्रजी स्पेलिंगमधलं तिसरं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड, उच्चार एकच. 'टर्मिनल इलियम' सलग म्हटलं तर आतडं येण्याची शक्यता जास्त. नुसतं 'इलियम' म्हटलं तर काहीही येऊ शकतं.

दुरुस्तीचा आमचा पहिला नियम यातूनच आला : एक शब्द चुकला तरी दोन-तीन शब्द निवडा आणि तेवढे सगळे पुन्हा बोला. 'सिलेक्ट टर्मिनल इलियम' म्हणायचं, ते शब्द रंगले की तेच दोन शब्द सलग बोलायचे. मजकूर लांब असेल तर 'सिलेक्ट माइल्ड थ्रू इफ्यूजन', म्हणजे 'माइल्ड'पासून 'इफ्यूजन'पर्यंत सगळं निवडलं जातं. 'किडनी'सारखा शब्द रिपोर्टमध्ये सहा ठिकाणी असतो. तिथे 'सिलेक्ट राइट किडनी' म्हटलेलं बरं. पडद्यावर क्रमांक उमटले तर 'चूज टू' असं म्हणून हवा तो घ्यायचा. मध्ये काही घालायचं असेल तर 'इन्सर्ट बिफोर' किंवा 'इन्सर्ट आफ्टर' आणि तिथला शब्द. 'स्क्रॅच दॅट' शेवटचा बोललेला तुकडा पुसतं. तुकडा म्हणजे दोन थांब्यांमधलं सगळं बोलणं; न थांबता तीन वाक्यं बोलली असतील तर तिन्ही जातात. तसं झालं तर लगेच 'अनडू दॅट' म्हणायचं.

'सिलेक्ट'सारखी कमांड मजकुरात टाइप होते, ही आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार. कारण बहुतेक वेळा थांब्याचं असतं. कमांडच्या आधी आणि नंतर क्षणभर थांबायचं, आत मात्र थांबायचं नाही. 'सिलेक्ट' म्हणून डॉक्टर पुढचा शब्द आठवू लागले, की सॉफ्टवेअर 'सिलेक्ट' हा शब्द लिहून मोकळं होतं. डेस्कटॉप आवृत्तीत कंट्रोल कळ दाबून धरली तर बोललेलं कमांड म्हणूनच घेतलं जातं आणि शिफ्ट धरली तर मजकूर म्हणून. शिकताना ही सोय फार उपयोगी पडते.

दुसरी तक्रार निवड भलतीकडे जाण्याची. काही हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधल्या चौकटींत आवाजाने निवड चालत नाही. तिथे डॉक्टर माउसने मध्येच क्लिक करून दोन अक्षरं टाइप करतात, सॉफ्टवेअरला कर्सर कुठे आहे याचा पत्ता राहत नाही आणि नवा मजकूर जुन्याच्या पोटात शिरतो. अशा ठिकाणी आम्ही डिक्टेशन बॉक्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वेगळ्या चौकटीत, पूर्ण रिपोर्ट करायला लावतो. तिथेच दुरुस्ती संपवायची आणि मग एकदाच तो मूळ चौकटीत टाकायचा.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका लहानशा शब्दावर घालवतो : 'नो'. हातात धरायच्या माइकचं बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात केली तर पहिला शब्द कापला जातो. 'नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर' मधला 'नो' गेला की उरलेलं वाक्य व्याकरणाने बरोबर, वाचायलाही सुरळीत आणि अर्थाने नेमकं उलट. स्पेलिंग तपासणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. म्हणून बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. संपल्यावरही तेवढंच थांबून बटण सोडा. फिफ्टीनच्या जागी फिफ्टी आलं तरी चूक अशीच लपते. मिलिमीटरच्या आकड्यांसाठी आम्ही 'वन फाइव्ह' असे सुटे अंक बोलायला सांगतो.

रिपोर्टच्या तयार साच्यांबाबत आमचं मत कडक आहे. साच्यात चौकोनी कंसात पर्याय असतात आणि 'नेक्स्ट फील्ड' म्हणत एकेक भरत जाता येतं. 'अॅक्सेप्ट डिफॉल्ट्स' म्हटलं की उरलेलं सगळं आहे तसं स्वीकारलं जातं. पित्ताशय काढलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये 'गॉल ब्लॅडर नॉर्मल' जातं ते इथूनच. आम्ही साचे करताना पित्ताशय, गर्भाशय, प्रोस्टेट आणि उजवी-डावी बाजू या जागा रिकाम्याच ठेवतो, त्या बोलूनच भराव्या लागतात. डॉक्टरांना सुरुवातीला ते जड वाटतं, तरी आम्ही हे बदलत नाही.

शब्दसूचीत प्रत्येक शब्दाची लिहायची आणि बोलायची अशी दोन रूपं असतात. 'डोलो ६५०' लिहायचं, पण बोलायचं रूप 'डोलो सिक्स फिफ्टी' असं भरायचं. डॉक्टर तोंडाने जसं म्हणतात तसंच, कंपनीच्या पत्रकातल्यासारखं नाही. रुग्णांची नावं मात्र बोलूच नयेत. ती नोंदणीतून आपोआप यावीत. इंग्रजी शब्दसाठ्याला 'दत्ताराम' कळत नाही आणि नावातली चूक रुग्णाला महागात पडते.

माइक ओठांच्या समोर नको, कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर हवा. समोर धरला की श्वासाचा फुत्कार शब्द होऊन उमटतो. पंख्याचा झोत माइकवर नको. यूएसबी हबऐवजी थेट कॉम्प्युटरला जोडलेला बरा.

सोनोग्राफीच्या खोलीत आणखी एक अडचण आहे. डॉक्टर रुग्णाला मराठीत 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणतात आणि माइक चालू असला तर त्याची इंग्रजी खिचडी लिव्हरच्या मोजमापात जाऊन बसते. दर वेळी 'गो टू स्लीप' आणि 'वेक अप' म्हणणं कामाच्या गर्दीत जमत नाही. म्हणून आम्ही पायाखाली यूएसबी पेडल बसवतो आणि त्याला माइक चालू-बंद करायची कळ जोडतो. डेस्कटॉप आवृत्तीत ती आकड्यांच्या पट्टीवरची अधिक (+) चिन्हाची कळ असते. पेडल टेबलाच्या उजव्या पायाशी, चिकटपट्टीने घट्ट लावायचं, नाहीतर खुर्चीच्या चाकाखाली वायर येते.