कांताराचा शेवट आणि मामांचा उतारा

‘कांतारा’ हा कन्नड चित्रपट ३० सप्टेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी मी मामांना खानापूरहून बेळगावला नेऊन तो दाखवला. त्यातली कन्नड किनारपट्टीवरच्या कुंदापूरकडची असल्यामुळे आमच्या भागातल्या कन्नडची सवय असलेल्या कानांना ती अर्धीच कळते. पण मामांचे काही अडले नाही. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावात आयुष्य गेलेल्या माणसाला वनखात्याची जीप, सरपणाच्या मोळीवरून झालेली वादावादी आणि रात्री शेतात उतरणारे रानडुक्कर समजायला भाषा लागत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे वाचू नये, कारण मला शेवटाबद्दलच बोलायचे आहे.

चित्रपट मला फार आवडला, म्हणूनच शेवट इतका लागला. १८४७ साली एक राजा मनःशांतीसाठी गावाचे दैवत मागतो आणि त्याच्या बदल्यात जंगलाची जमीन गावकऱ्यांना देतो. पुढे १९७० साली त्याच्या वारसाला ती जमीन परत हवी होते, तेव्हा तो कोर्टाच्या पायऱ्यांवर रक्त ओकून मरतो. म्हणजे दैवत कोर्टापर्यंत पोहोचते, हे चित्रपटाने सुरुवातीलाच मान्य केलेले आहे. त्यानंतर १९९० मध्ये वनाधिकारी मुरली येतो, राखीव जंगलाची हद्द आखून कुंपण घालू लागतो आणि विरोध करणाऱ्यांना मारहाण होते. जमीन कुणाची, शिक्क्याची की कसणाऱ्याची, हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारणारे चित्रपट आपल्याकडे मोजकेच असतील.

आणि मग सगळा दोष जमीनदार देवेंद्रच्या गळ्यात पडतो. खून त्याचा, कपट त्याचे, जमिनीची हाव त्याची. मुरली गावाच्या बाजूने उभा राहतो, गावातला तरुण नायक शिवा, त्याच्या अंगात गुळिग हे उग्र दैवत येते, जमीनदार मरतो. शेवटच्या कोलात, म्हणजे दैवत अंगात येऊन नाचण्याच्या विधीत, गावाचे दैवत पंजुर्ली शिवाच्या रूपाने अधिकाऱ्याचा आणि गावकऱ्यांचा हात एकत्र धरतो आणि शिवा रानात नाहीसा होतो. ऋषभ शेट्टी यांना शिवाच्या भूमिकेसाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो याच वीस मिनिटांसाठी असावा असे मला वाटते. थिएटरात माझ्याही अंगावर काटा आला होता. मात्र बाहेर उजेडात आल्यावर मामांनी विचारले, “जमीन कुणाच्या नावावर झाली की रे शेवटी?” मला उत्तर देता आले नाही.

अंगात येण्यावर माझा आक्षेप नाही, हे मुद्दाम सांगतो. आमच्या गावातही पेरणीआधी देवाला गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात, आणि देवराईतली वाळलेली फांदीसुद्धा विचारल्याशिवाय कुणी घरी आणत नाही. पण गाऱ्हाणे घालून झाल्यावरही दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून खानापूरच्या कचेरीत जावेच लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या पारंपरिक वनवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या किमान तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहत असल्याचा पुरावा द्यायचा असतो. मामांच्या गावची बहुतेक माणसे याच वर्गात मोडतात.

मामांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेला जमिनीचा एक उतारा आहे. तो कन्नडमध्ये आहे आणि मामांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. घड्यांवर कागद विरलेला आहे. सर्व्हे नंबर नेमका घडीवर आल्यामुळे त्याचा मधला आकडा अंदाजाने वाचावा लागतो. मी वाचून दाखवत असताना ते प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तिचा मराठीत अर्थ विचारतात. हा कागद पाहिलेल्या माणसाला, दैवताने हातात हात दिले म्हणजे हद्दीचा वाद मिटला, हे पटवून घेणे जड जाते. जमीनदार वाईट निघाला म्हणून वनखात्याने आखलेली रेघ बरोबर ठरते का? चित्रपटाने तो प्रश्न सोडवला असता तरी चालले असते, अनुत्तरित ठेवला असता तर त्याहून बरे झाले असते; पण तो आपण कधी विचारलाच नव्हता अशा थाटात तो संपतो, याचे मला दुःख आहे.

पुढे तो घरबसल्या पाहण्याची सोय झाली तेव्हा मी फक्त ते कुंपण शोधण्यासाठी दुसऱ्यांदा पाहिला. मामा शेजारी बसले होते. मारहाणीच्या प्रसंगानंतर त्या कुंपणाचे काय झाले, ते उखडले की तसेच राहिले, हे शेवट सांगत नाही. कोल सुरू झाला तसे मामांनी हात जोडले, आणि तो संपेपर्यंत जोडलेलेच ठेवले. मग उठून त्यांनी कपाटातली पिशवी काढली आणि म्हणाले, “तो मधला आकडा परत एकदा बघ.”