कार्ड गेलं, पण एकटंच गेलं का? तपासणीची नोंद, भाग २

मशीन: रायझन ५ ५६०० सीपीयू, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज देणारा डबा), वीजकेबलींच्या दोन ८-पिन जोडण्यांचं ग्राफिक्स कार्ड.

लक्षण: बटण दाबलं की पंखे पाव फेरी मारतात आणि थांबतात. नंतर बटण दाबून काही होत नाही. मागचा स्विच मिनिटभर बंद ठेवून पुन्हा चालू केला की परत तीच पाव फेरी.

हा शॉर्टचा प्रकार. १२ व्होल्टची लाइन कुठेतरी ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बाजूला) टेकली की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. पंखे फिरत राहतात आणि पडदा काळा, हा वेगळा आजार. त्याची तपासणी वेगळ्या क्रमाने करावी लागते.

आधी कार्ड स्लॉटमध्येच ठेवून फक्त त्याच्या दोन्ही ८-पिन केबली काढल्या. बोर्ड चालू राहिला. म्हणजे स्लॉटकडून येणारी लाइन ठीक, शॉर्ट केबलींच्या बाजूला. मग कार्ड पूर्ण काढलं. बोर्डवरचे सीपीयू आणि डीरॅमचे (रॅमचे) तपासणी-दिवे येऊन गेले, व्हीजीएचा (ग्राफिक्सचा) पेटून राहिला. तो राहणारच, कारण ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. अशा वेळी बोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर लावून "बोर्डही गेला" म्हणणारे कमी नाहीत. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असेल तर तीच गत.

एसएमपीएस: मोकळ्या ८-पिन केबलवर १२.०८ व्होल्ट (चालतं ११.४ ते १२.६). ग्राफिक्सच्या ८-पिनमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना खटक्याच्या विरुद्ध ओळीत असतात; सीपीयूच्या ८-पिनमध्ये बरोबर उलट. मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुटी होणारी) केबल दुसऱ्या एसएमपीएसची वापरली असेल तर पुढचं सगळं सोडून आधी तीच तपासावी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही.

आता कार्ड. मीटर ओमवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावले: ०.२ ओम. प्रत्येक आकड्यातून एवढे वजा करायचे. उजवी ८-पिन, १२ व्होल्ट ते ग्राउंड: १.८ किलोओम, निरोगी. डावी: ०.४, म्हणजे खरे ०.२. शॉर्ट.

हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) काढल्यावर ग्राफिक्स चिपला वीज देणाऱ्या कॉइलवर ०.५ ओम आले. इथे घाबरायचं कारण नाही. मोठ्या चिपचा स्वतःचा रोधच एक ओमच्या आत असतो, ते पाहून चांगलं कार्ड भंगारात काढू नये. खरा प्रश्न असा की शॉर्ट मॉस्फेटमध्ये (१२ व्होल्टवरून चिपची वीज तयार करणाऱ्या स्विचमध्ये) आहे की इनपुटच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवरच्या, एखाद्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये. वरचा (१२ व्होल्टच्या बाजूचा) मॉस्फेट शॉर्ट असेल तर १२ व्होल्ट थेट चिपमध्ये गेलेले असतात, आणि मग चिप सहसा वाचत नाही.

ते ठरवायला बेंच सप्लायवरून (व्होल्ट आणि करंट हवे तेवढे ठेवता येणाऱ्या वीजपुरवठ्यावरून) शॉर्ट झालेल्या लाइनला १ व्होल्ट दिले, करंटची मर्यादा ३ अँपिअर. १ व्होल्टच का? शॉर्ट मॉस्फेटमधून ते चिपपर्यंत पोचले तरी चिपला सोसतात; ५ व्होल्ट दिले तर जिवंत चिपही जाईल. वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकलं; शॉर्ट असलेला भाग तापतो आणि तिथलं अल्कोहोल आधी उडतं. सगळीकडे ओलं चकचकीत, आणि डाव्या कॉनेक्टरजवळचा एकच कपॅसिटर काही सेकंदांत कोरडा. चिप थंड.

हॉट एअरने (गरम हवेने सोल्डर वितळवून) तो काढला, लाइन १.९ किलोओमवर आली. भिंगाखाली कपॅसिटरच्या टोकाजवळ आडवी चीर दिसली. जड कार्ड आधाराशिवाय लोंबकळलं, किंवा केबल जोराने दाबून बसवली, की पीसीबी (कार्डची पाटी) वाकते आणि सिरॅमिक तडकतं. नवा कपॅसिटर त्याच मापाचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि २५ व्होल्टचा लावायचा. १६ चा चालतो, पण १२ व्होल्टवर त्याची क्षमता जास्त घटते.

दरम्यान स्लॉट तपासायला केबल न लागणारं जुनं कार्ड लावलं: पडदा काळाच. दोष स्लॉटचा नव्हता. बोर्डवर सीएसएम (जुन्या पद्धतीच्या कार्डांना चालवून घेणारी सेटिंग) बंद आहे आणि त्या कार्डच्या बायॉसमध्ये (कार्डमधल्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये) यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, नाही. यूईएफआय असलेलं दुसरं लावलं, लगेच डिस्प्ले आला.

बाकी: कपॅसिटर बसवून थर्मल पेस्ट, आणि पॅड जुन्याच जाडीचे, जाड बसले तर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही. मग दोन स्वतंत्र केबली (एकाच केबलची दोन तोंडं नकोत), कार्डखाली आधार, आणि अर्धा तास पूर्ण लोडवर १२ व्होल्टचं रीडिंग. मोकळ्या केबलवरचे १२.०८ लोडविना आहेत, त्यामुळे एसएमपीएसवर अजून टिकमार्क केलेली नाही.