"काही लागलं तर सांग" एवढ्याने भागत नाही

गेली दोन वर्षं मी युनिव्हर्सिटीत पीअर मेंटॉर आहे, म्हणजे दुसऱ्या देशातून नव्याने आलेल्या पाच-सहा जणांना पहिल्या वर्षात सोबत करायची. मी पण अशीच बाहेरून आलेली, त्यामुळे हे काम मला फार जवळचं वाटतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना एकच मेसेज टाकला, काही लागलं तर बिनधास्त सांग. कुणीच काही सांगितलं नाही, मला वाटलं चला, सगळे रुळले. मग एक दिवस लायब्ररीत एका मुलीने फोन पुढे केला आणि मला लिहिलेला पण कधी पाठवलाच नाही असा मेसेज दाखवला, तीन आठवड्यांपूर्वीचा. विचारलं काय होतं, तर ऑफिस अवर्स म्हणजे नक्की काय? तिला वाटत होतं त्या वेळात सर त्यांचं काम करत बसतात, तेव्हा त्यांना अजिबात त्रास द्यायचा नाही. तो वेळ मुलांसाठीच ठेवलेला असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, सगळ्यांना माहीतच असतं असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आणि एवढी साधी गोष्ट विचारली तर हिला इथे घेतलंच कसं असं वाटेल म्हणून ती गप्प राहिली, तोवर पहिली असाइनमेंट कमी मार्कांनी परत पण आली.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर सरांच्या दारापर्यंत गेले आणि बाहेर थांबले. वीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा असाइनमेंटच्या समासात पेन्सिलीने भरपूर लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात.

तेव्हापासून मी "सांग" म्हणत नाही, मंगळवारी चार वाजता लायब्ररीच्या दारात भेटू असं म्हणते. नव्या माणसाला मदत मागणं जड जातं, ठरलेल्या वेळी येणं सोपं जातं.

अजून एक, बऱ्याच ठिकाणी मेंटॉरिंग ओरिएंटेशनच्या आठवड्यापुरतंच असतं आणि हे मला मनापासून खटकतं. 1955 साली स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञांनी फुलब्राइट स्कॉलरशिपवर अमेरिकेला जाऊन आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बऱ्यापैकी मजेत होते आणि सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना सगळ्यात जड गेलेलं. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की हे सगळ्यांना लागू होत नाही, कित्येकांना सुरुवातच सगळ्यात अवघड जाते. म्हणजे कुणाचा वाईट काळ कधी येईल ते आधी कळत नाही, मग आपण पहिल्याच आठवड्यात टाटा करून कसं चालेल?

आणि मुलं आपल्याच देशाच्या लोकांत राहतात म्हणून त्यांना टोकू नका प्लीज. दिवसभर परक्या भाषेत बोलून डोकं शिणतं, संध्याकाळी आपल्या भाषेत बोलायला कुणीतरी हवंच असतं.

व्हिसाबद्दल मात्र मी स्वतः कधीच सल्ला देत नाही, नियम बदलत असतात आणि माझ्या एका चुकीने कुणाचं वर्ष जाऊ शकतं. इंटरनॅशनल ऑफिसला पाठवते, एकटं जायला भीती वाटत असेल तर सोबत जाते. कुणी झोपत नसेल, खात नसेल, तर काउन्सेलरकडे पण तसंच.

यंदाचे सहा जण पुढच्या आठवड्यात येतायत. सहाही नावांपुढे सातव्या आठवड्यातली भेटीची वेळ आत्ताच लिहून ठेवलीय.