कुरणातली वीसकिर्श

नावातल्या ‘वीस’चा आकड्याशी काही संबंध नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात ‘वीस’ म्हणजे कुरण, आणि हे चर्च खरोखरच श्टाईनगाडेन गावाबाहेर कुरणात उभं आहे. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत रेल्वेने साधारण दोन तास, पुढे बस. बसमधून उतरताच परतीची वेळ बघून घ्या. मी बघितली नाही, आणि बस माझ्या डोळ्यांदेखत वळणाआड गेली.

बाहेरून साधीच वास्तू, पण आतला इतका थाट ज्या मूर्तीसाठी केला ती आधी टाकून दिलेली होती. 1730 मध्ये श्टाईनगाडेनच्या मठातल्या साधूंनी जुन्या मूर्तींचे लाकडी तुकडे जोडून, वर कापड चिकटवून फटके खाणारा साखळदंडातला ख्रिस्त तयार केला, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी. पुढे तो अडगळीत गेला. आपण भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतो. इथे एका शेतकऱ्याच्या बायकोने, मारिया लोरीने, ती घरी आणली. 14 जून 1738 ला मूर्तीच्या डोळ्यांत तिला अश्रू दिसले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. मूर्तीसाठी बांधलेलं छोटं देऊळ पुरेना, तेव्हा मठाने वास्तुकार डोमिनिकुस त्सिमरमानला नव्या चर्चचं काम दिलं. 1745 ते 1754 बांधकाम चाललं आणि मठ कर्जात बुडाला.

आत लंबवर्तुळाकार सभागृह, कडेने पांढरे जोडखांब, आणि त्यांच्यामागून यात्रेकरूंना फिरायला वाट, अगदी आपल्या प्रदक्षिणेसारखी. छत खोल घुमटासारखं भासतं, पण ते बरंचसं चपटं आहे. लाकडी सांगाड्यावर गिलावा. खोली दिली ती डोमिनिकुसचा भाऊ योहान बाप्टिस्ट याच्या कुंचल्याने. मधोमध इंद्रधनुष्यावर ख्रिस्त, एका टोकाला न्यायासाठी मांडलेलं रिकामं सिंहासन, दुसऱ्या टोकाला बंद दार. वेदीचे लाल खांबही संगमरवरी नाहीत, रंगीत गिलावा घोटून चमकवलेले आहेत. मला ही फसवणूक भारी आवडली. त्या सगळ्या सोन्याच्या मधोमध ती जोडकामाची, रक्ताळलेली मूर्ती आहे. आधी तिच्यासमोर बसा, छत नंतर.

1983 पासून हा जागतिक वारसा आहे, त्यामुळे पर्यटकांच्या गाड्या येतात. सकाळी लवकर जा, ऊन असेल तर उत्तमच. प्रार्थना चालू असताना आत भटकू नका. रविवारी सकाळ टाळा. आत जायला तिकीट नाही, वाहनतळाला मात्र पैसे पडतात.

बस चुकली तर शेजारी तळलेली गोड पुरी मिळते: कड फुगलेली, मध्ये पापडाइतकी पातळ, वर साखर. मी दोन खाल्ल्या.