एका परिचारिकेकडे तीन व्हेंटिलेटर

काल रात्रपाळीत आमच्या अतिदक्षता विभागात मनुष्यबळ कमी असल्याने व्हेंटिलेटरवरील तीन रुग्ण माझ्या एकटीकडे होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अशा एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी लागते.

अशा रात्रीही औषधे वेळेवर दिली जातात, सक्शन (श्वासनळीतला कफ यंत्राने ओढून काढणे) होते, दर दोन तासांनी कूस बदलली जाते आणि तासातासाच्या नोंदीही भरल्या जातात. मागे पडते ते नोंदींच्या तक्त्यात ज्याला रकानाच नाही असे काम. घशात नळी असल्याने बोलू न शकणारे एक आजोबा हाताने काहीतरी खुणावत होते, परंतु शेजारच्या रुग्णाचा रक्तदाब घसरत असल्याने मला "आलेच हं, आजोबा" एवढेच म्हणून वळावे लागले. बऱ्याच वेळाने कागद-पेन हाती दिल्यावर त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, "चष्मा". वृद्ध रुग्णाला चष्मा आणि श्रवणयंत्र देणे, आज कोणता वार आहे हे सांगणे, यांमुळे अतिदक्षता विभागात होणारा मतिभ्रम टळण्यास मदत होते. म्हणजे हाही उपचारच आहे आणि त्याला वेळ लागतो.

रुग्णाशी आपुलकीने वागा, अशी प्रशिक्षणे आम्हाला वारंवार दिली जातात. ती जरूर द्यावीत, पण आपुलकीची उणीव मला माझ्या सहकाऱ्यांमध्ये कधीच दिसली नाही. रिक्त पदे भरा, रजेवर जाणाऱ्यांसाठी राखीव परिचारिका नेमा आणि सलग दुहेरी पाळ्या बंद करा, एवढेच व्यवस्थापनाला माझे कळकळीचे सांगणे आहे.